‘इच्छा मरते’ म्हणतात, ते कितपत खरं?

‘ऑपरेशन झालं की बाईची इच्छा मरते.’ कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनबद्दल हे सर्रास ऐकू येतं. प्रत्यक्षात त्यात फक्त बीजवाहक नलिका बांधतात किंवा कापतात. बीजकोशांना हात लागत नाही, हार्मोन्स तयार होतच राहतात, पाळीही येते. गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन वेगळं; बोलताना दोन्हींची सरमिसळ होते. उलट दिवस राहण्याची धास्ती गेली की अनेकींना शरीरसंबंध मोकळेपणाने हवेसे वाटतात.

‘तांबी नवऱ्याला टोचते.’ तांबी गर्भाशयात असते. योनीत येतात ते तिचे बारीक धागे. ते जाणवलेच तर डॉक्टर आखूड करून देतात. कडक टोक लागत असेल तर मात्र तांबी खाली सरकलेली असू शकते, लगेच दाखवावं. तांबीत हार्मोन नसतं, पण पहिले काही महिने पाळीत जास्त रक्त जाऊ शकतं, पोटही दुखतं. आठ-आठ दिवस अंगावरून जात असताना जवळीक कोणाला सुचेल? असा त्रास सांगणाऱ्या बाईला ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून परत पाठवणं हाही गैरसमजच, फक्त शिकलेल्यांचा.

गोळ्यांबाबत ‘इच्छा जातेच’ आणि ‘काहीच होत नाही’, दोन्ही अर्धसत्य. माला-एनसारख्या गोळ्यांमुळे रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन घटतं. तरी बहुतेकींना फरक जाणवत नाही. काहींची इच्छा कमी होते, काहींची वाढते. कमी झाली तर गोळी बदलता येते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेल्या ‘छाया’ गोळीत हार्मोन नाही. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यायची.

कोरडेपणा वाटतो म्हणून निरोधसोबत खोबरेल तेल वापरू नका. तेलाने लॅटेक्स फाटतं. पाण्यावर आधारित जेल चालतं.

राहिली पुरुष नसबंदी. त्यातही फक्त शुक्रवाहिनी बंद होते. ताठरता, वीर्यपतन, इच्छा तशीच राहते. पण पुरुषाची भीती घरोघर ऐकून घेतली जाते, बाईची नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी स्वतःचं ऑपरेशन झाल्याचं सांगितलं. नवऱ्याची नसबंदी झालेल्या होत्या ०.३ टक्के.