प्रवाळाला ऊन मोजून

साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला ऊन वीज तयार करतं. महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प तिथे 2013 मध्ये सुरू झाला. प्रवाळालाही प्रकाशच लागतो, पण मोजून.

प्रवाळ हा प्राणी. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. म्हणजे घरी पाळलेल्या प्रवाळाच्या टाकीवरचा दिवा शोभेचा नसतो, त्यावर त्याचं पोट चालतं. समुद्रात तांबडा प्रकाश वरच्या थरातच विरतो, निळा खोलवर पोचतो. म्हणून दिव्यात निळ्याचा भर हवा.

वॅटचा आकडा मात्र फसवा. प्रवाळापर्यंत किती प्रकाश पोचतो, हे ‘पार’ (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाश) मोजणारा मीटर सांगतो. मऊ प्रवाळाला साधारण 50 ते 150 पार पुरतात, फांद्यांच्या कठीण प्रवाळाला 200 च्या वर लागतात.

फूटभर खोल टाकीत धोका अंधाराचा नसतो, अतिप्रकाशाचा असतो. प्रवाळ ताणाखाली येऊन शैवाल बाहेर टाकतो. तपकिरी रंग उडतो, आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. तेज कमी-जास्त करता येणारा एलईडी थोडा उंच टांगावा, निम्म्या तेजावर सुरू करावा, काही आठवड्यांत हळूहळू वाढवावा. टाकी खिडकीत ठेवू नये. खानदेशातल्या एप्रिलच्या उन्हात पाणी तापायला वेळ लागत नाही.

दिव्याआधीची गोष्ट कायद्याची. 2001 पासून कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रातला तुकडा उचलून घरी आणणं गुन्हा आहे. तो तिथेच राहू द्या.