बॅग भरताय? आधी उचलून बघा!

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा. ऑफिसमध्ये कुणाचंच लक्ष कामात नाही. मॉनिटरवर एक्सेल शीट उघडी आणि डोक्यात एकच प्रश्न... उद्या घालायचं काय? त्याच्या मागोमाग दुसरा. हे सगळं भरायचं कशात?

माझ्याकडे या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. मरून रंगाची, पांढऱ्या पायपिंगची, एकदम झक्कास बोलिंग बॅग! २००० साली प्राडाने हा शेप रॅम्पवर आणला आणि मग लिंकिंग रोडच्या फुटपाथपर्यंत त्याच्या कॉप्या पोचल्या. साधारण त्याच सुमारास लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग ॲली आली होती, त्यामुळे 'बोलिंग' हा शब्दच तेव्हा कूल वाटायचा. बॉल कधी हातात धरला नसेल, पण बॅग हवी! माझी बॅग बरीच नंतरची, पण हौस तीच.

मूळ बोलिंग बॅगचा फंडा समजून घ्या, पुढे उपयोगी पडेल. ती एका बॉलसाठी बनलेली असते. बॉलचं वजन सव्वासात किलोपर्यंत असू शकतं, म्हणून तळ सपाट आणि कडक. बॉल सहज काढता यावा म्हणून चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत. बरोबर बूट, हात पुसायला टॉवेल, अंगठ्याला लावायची टेप. आणि हँडल आखूड, कारण ही बॅग गाडीच्या डिकीतून ॲलीपर्यंतच न्यायची असते. फार तर पन्नास पावलं.

ही बॅग घेऊन मी एका ऑगस्टमध्ये माथेरानला गेले.

माथेरानची गंमत तुम्हाला माहीत आहेच. दस्तुरी नाक्यावर गाडी थांबते, पुढे तिला नो एंट्री. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये हा डोंगर चढला, १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळहून दोन फुटी रुळांची गाडी वर आणली, २००३ मध्ये केंद्र सरकारने हा भाग इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर केला. या सगळ्यात मोटार काही वर आली नाही. ॲम्ब्युलन्स तेवढी अपवाद. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या, पण वीकेण्डला त्यांच्यासाठी रांग किती, विचारूच नका. पावसाळ्यात नेरळहून येणारी टॉय ट्रेन बंद असते, अमन लॉजपासूनची शटल मिळते. आमची ती जेमतेम पाच मिनिटांनी हुकली.

"चालू या ना, पाऊस एन्जॉय करू!" असं म्हणणारी मीच.

आम्ही तिघी. एकीकडे सॅक, दुसरीकडे ट्रॉली. ट्रॉलीची चाकं पेव्हर ब्लॉकवर खडखडायला लागली आणि लाल चिखल आला तिथे रुतून बसली. मला हसू आलं, पण फार वेळ टिकलं नाही. शंभर पावलांत माझा उजवा हात भरून आला. डाव्यात घेतली. पुन्हा उजव्यात. आखूड हँडल खांद्यावर चढेना, बॅग गुडघ्यावर आपटत राहिली.

बाजूने एक मावशी चालल्या होत्या. माथेरानात डोक्यावरून सामान नेणाऱ्या हमालांमध्ये बायकाही असतात.

"दे गं पोरी. किती वेळ हात बदलतेस?"

बॅग उचलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दगड भरलेत का काय?"

दगड नव्हते. हेअर ड्रायर, स्ट्रेटनर, दोन जीन्स, हील्सचे सँडल, फुल साइज शाम्पू, मॉइश्चरायझरची काचेची बाटली आणि तीन पुस्तकं. दोन दिवसांसाठी! आमच्यातल्या एकीने लगेच पैशांची घासाघीस सुरू केली. कॅफेत तेवढ्याची कॉफी विचार न करता पिणारी ही मुलगी. मलाच लाज वाटली. ठरलेले पैसे देऊ म्हटलं आणि विषय मिटवला.

मावशींनी डोक्यावर चुंबळ ठेवली, वर बॅग. हललीच नाही! तळ सपाट ना. "ही बरी. त्या चाकवालीचा दांडा टोचतो," त्या म्हणाल्या. ट्रॉलीचं असं रिव्ह्यू मी कुठल्याच मॅगझिनमध्ये वाचलेलं नाही. सॅकवालीनेही आपलं एक पाऊच माझ्या बॅगेत कोंबलं आणि मावशी झपाझप पुढे निघून गेल्या.

आम्ही मोकळ्या हातांनी फोटो काढत, माकडांपासून मक्याचं कणीस वाचवत रेंगाळलो. दहा-पंधरा मिनिटांनी सॅकवाली थांबली. आधी वाटलं दमली असेल. मग तिच्या श्वासाची शिट्टी ऐकू आली. तिला लहानपणापासून दमा. थंड, दमट हवा, भिजलेले कपडे आणि चढ.

"इनहेलर कुठाय?"

तिने नुसता हात पुढे केला. रस्त्याच्या दिशेने. पाऊचमध्ये!

मी धावले. शहरात असते तर रिक्षा केली असती. ती सवय किती खोल गेलीये ते त्या पाच मिनिटांत कळलं. मागून येणारा घोडेवाला "काय झालं?" विचारेपर्यंत मी वळणापलीकडे होते. सुदैवाने मावशी पुढे एका झाडाखाली बॅग उतरवून आमचीच वाट बघत बसल्या होत्या. चेन एका झटक्यात पूर्ण उघडली (बोलिंग बॅगचे उपकार!), आणि ड्रायर, सँडल, पुस्तकं, सगळं ओल्या रस्त्यावर. पाऊच सगळ्यात खाली.

इनहेलर घेऊन परतले तेव्हा ती दगडावर बसली होती, चेहरा पांढराफटक. दोन पफ, मग थोड्या वेळाने आणखी. हळूहळू शिट्टी थांबली. आम्ही कुणीच काही बोललो नाही. मावशी मागून माझं रस्त्यावरचं सगळं सामान भरून घेऊन आल्या होत्या. जड वस्तू मधोमध, तळाशी. माझ्यापेक्षा चांगलं पॅकिंग!

तेव्हापासून माझी बॅग बदलली नाही, आतलं बदललं. पहिली गोष्ट, औषध बॅगेत जातच नाही. इनहेलर असो, शुगरच्या गोळ्या असोत की ॲलर्जीच्या, कमरेच्या पाऊचमध्ये, अंगावर. आणि कुठे आहे ते बरोबरच्यांना माहीत हवं. सुट्टे पैसेही तिथेच, कारण काही पॉइंटवर नेटवर्क दगा देतं आणि घोडेवाल्यासमोर फोन हवेत धरून उभं राहणं बरं दिसत नाही.

दुसरी, खांद्यावरून तिरका जाणारा रुंद पट्टा. बॅगेला दोन्ही बाजूंना कड्या असतील तर कुठलाही बॅगवाला लावून देतो. कड्या नसतील तर माथेरानसाठी ती बॅग विसरा.

बाकी यादी बोलिंगवाल्यांचीच चोरलीये. बूट, टॉवेल, टेप. बूट म्हणजे चिखलात पकड धरणारे, आधी चार दिवस वापरलेले. टॉवेल पातळ, लवकर वाळणारा. टेप टाचेला फोड येण्याआधी लावायची, नंतर नाही. त्यात मोज्यांचे दोन जादा जोड, टॉर्च (शार्लोट लेकवरून परतताना झाडीत अंधार फार लवकर होतो) आणि कपड्यांसाठी जाड प्लॅस्टिकची पिशवी. पिशवी आत ठेवा हं! बाहेर हातात दिसली की माकडं खाऊ समजून ओढतात. चिक्कीसाठी थोडी जागाही ठेवा. पांढरे कपडे? न्या बापडे, पण लाल माती धुऊन जात नाही.

आणि वजन. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. माणसाने माणसाला ओढणं अमानुष आहे, असं कोर्टाने म्हटलं. डोक्यावरच्या बॅगांबद्दल तो निकाल नाही, आणि हमालांना काम नको असं माझंही म्हणणं नाही. त्यांचं घर त्यावर चालतं. पण माझा हेअर ड्रायर कुणाच्या तरी मानेवरून डोंगरात जातो, हे आता मला बॅग भरताना दिसतं.

मागच्या ट्रिपला निघण्याआधी बॅग बाथरूममधल्या वजनकाट्यावर ठेवली. सव्वापाच किलो. एक पुस्तक काढलं, मग दुसरं. तिसरं मात्र राहू दिलं.