शालेय बागेत लार्कस्पर

शाळेच्या बागेत हिवाळी फुलझाडे लावताना लार्कस्परचा अवश्य विचार करावा. मूळचे भूमध्य समुद्राकाठचे हे वर्षायू झाड आपल्याकडील थंडीत चांगले फुलते. निळ्या, जांभळ्या, गुलाबी वा पांढऱ्या फुलांचे त्याचे तुरे दोन-तीन फूट उंच होतात. फुलामागील निमुळती नळी चंडोलाच्या लांब नखीसारखी दिसते. त्यावरूनच त्यास हे इंग्रजी नाव पडले.

उष्ण जमिनीत बी नीट रुजत नाही. म्हणून पाऊस सरून रात्री गार होऊ लागल्यावर, साधारणतः ऑक्टोबरअखेर, पेरणी करावी. सोटमूळ दुखावल्यास रोप मरगळते. यास्तव बी कायमच्या जागीच पेरावे. रुजण्यास अंधार लागतो, सबब बियांवर अर्धा सेंटिमीटर माती पसरावी. अंकुर दिसण्यास दोन-तीन आठवडे लागतात. हे मुलांस आधीच सांगावे, म्हणजे ती माती उकरून पाहणार नाहीत. पुढे विरळणी करून दोन रोपांत वीतभर अंतर राखावे. वाफ्यात पाणी साचू देऊ नये.

एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक आहे. या झाडाचे सर्व भाग, विशेषतः बिया व कोवळी रोपे, विषारी असतात. बियांची पुडी शिक्षकांनी स्वतःजवळ ठेवावी व पेरणीनंतर मुलांकडून हात स्वच्छ धुऊन घ्यावेत. वाफ्यास कुंपण असावे. विरळणीत उपटलेली रोपे गुरांपुढे न टाकता पुरून टाकावीत.

शेंगा तपकिरी होताच, फुटण्यापूर्वी, काढून बी राखावे. बीपासून बीपर्यंतचा संपूर्ण जीवनक्रम एकाच शालेय वर्षात मुलांस प्रत्यक्ष पाहावयास मिळतो, हा या झाडाचा मोठा लाभ होय.