फक्त चेहरा दिसेल असा फोटो

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी फोटो काढायला गेलेल्या माणसाला एके काळी स्टुडिओवाला पँट गुडघ्यापर्यंत वर घ्यायला सांगायचा. हात नसेल तर बाही दुमडायला सांगायचा. त्यात त्याचा दोष नव्हता. सरकारी अर्जाच्या नमुन्यातच ‘व्यंग दिसेल असा’ फोटो मागितलेला असे. पोलिओने बारीक झालेला पाय पडद्यासमोर धरून उभं राहायचं आणि तोच फोटो पुढे नोकरीच्या अर्जालाही लावायचा, हे कित्येकांनी निमूट केलं. गावात नावाआधी ‘लंगडो’ किंवा ‘आंधळो’ लागलेलंच असायचं, कागदावरही तीच ओळख चिकटायची.

आज हा नमुना बदलला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि त्याखालचे नियम २०१७ साली आले. त्यातल्या प्रमाणपत्रावर फोटोच्या चौकटीत सूचना आहे ती फक्त चेहऱ्याची. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, नव्या कायद्यात ते २१ झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, स्वमग्नता यांपैकी काय फोटोत दिसणार? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यांतल्या अनेकांकडे पाहून कुणालाही काही कळणार नाही.

अपंगत्वाविषयी जागृती करू पाहणाऱ्या प्रत्येक फोटोग्राफरला हाच प्रश्न सोडवावा लागतो. नेमकं दाखवायचं काय, आणि ते कुणी ठरवायचं?

ताटात रोज मासे असणाऱ्या मालवणच्या माणसाला मिनामाताची गोष्ट लगेच उमगेल. जपानमधलं हे खाडीकाठचं शहर. चिस्सो कंपनीच्या कारखान्याचं पारायुक्त सांडपाणी खाडीत जात राहिलं, तिथून ते माशांत आणि माशांतून माणसांत आलं. हातपाय वाकडे झाले, बोलणं अडखळलं, मुलं जन्मतःच आजारी निघाली. १९५६ साली या आजाराची अधिकृत नोंद झाली. १९७१ साली अमेरिकन फोटोग्राफर यूजीन स्मिथ आणि त्यांची पत्नी आयलीन तिथे राहायला गेले आणि सुमारे तीन वर्षं राहिले. न्हाणीघरात आई आपल्या पूर्ण परावलंबी मुलीला हातांवर पेलून अंघोळ घालते आहे, हा त्यांचा फोटो १९७२ मध्ये ‘लाइफ’ मासिकात आला आणि मिनामाता जगभर पोचलं.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. मुलगी १९७७ साली गेली. तिचं उघडं शरीर मात्र पोस्टरांवर, पुस्तकांत फिरतच राहिलं. आईवडिलांना आता तिला विसावा मिळावा असं वाटू लागलं. तेव्हा आयलीन स्मिथ यांनी १९९८ मध्ये या फोटोबद्दलचा निर्णय त्यांच्या हाती सोपवला आणि यापुढे तो नव्याने छापायला द्यायचा नाही असं ठरलं. त्या फोटोने जगाला जागं केलं हे खरं, आणि त्याची किंमत एका घराला वर्षानुवर्षं मोजावी लागली हेही तितकंच खरं. म्हणून त्या मुलीचं नाव इथेही लिहिलेलं नाही.

मुंबईत पार्थो भौमिक यांनी हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून सोडवायला घेतला. पॅरिसमध्ये राहणारे स्लोव्हेनियन फोटोग्राफर एव्हगेन बावचार यांच्याबद्दल त्यांच्या वाचनात आलं. बावचार लहानपणीच दोन अपघातांत दोन्ही डोळ्यांनी आंधळे झाले, आणि बहिणीच्या कॅमेऱ्याने त्यांनी पहिला फोटो काढला तो त्यानंतर, सोळाव्या वर्षी! भौमिक यांनी २००६ मध्ये ‘ब्लाइंड विथ कॅमेरा’ हा उपक्रम सुरू केला आणि मुंबईतल्या अंध मुलामुलींच्या, तरुणांच्या हातात कॅमेरा दिला.

न दिसता फोटो कसा निघतो? ऊन गालाच्या कोणत्या बाजूला लागतंय यावरून प्रकाश कुठून येतो ते कळतं. समोरच्याला बोलतं ठेवलं की त्याच्या तोंडाची उंची आणि अंतर आवाजावरून धरता येतं. वस्तू जवळ असेल तर एका हाताने ती चाचपायची, मग दोन पावलं मोजून मागे सरायचं. फोटो निघाल्यावर डोळस सोबती त्यात काय आलंय ते सांगतो आणि त्यावरून पुढचा फोटो सुधारतो. आता मोबाइलही मदतीला आहे. कॅमेऱ्यासमोर किती चेहरे आहेत हे काही फोन बोलून सांगतात. या उपक्रमाच्या प्रदर्शनात फोटोंच्या उठावदार प्रती असतात, सोबत ब्रेल मजकूर आणि ध्वनिवर्णन असतं. ज्याने फोटो काढला त्यालाही तो बोटांनी पाहता येतो.

असा कॅमेरा मालवणच्या किनाऱ्यावर आला तर त्याला विषय शोधावे लागणार नाहीत. रापणीचा दोर ओढणाऱ्यांचा एकसाथ आवाज, बंदरावर माशांच्या लिलावातली चढती बोली, सुकत घातलेल्या बांगड्याचा वास. डोळे मिटले तरी हा किनारा ओळखू येतो. आणि चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने साडेतीन फुटांवरून फोटो काढला तर त्यात वेगळंच मालवण येईल. पुळणीत रुतलेलं पुढचं छोटं चाक. दुकानाच्या पायरीची उंची. जेट्टीवरून हेलकावणाऱ्या होडीत उतरतानाचा तो एक पाऊलभर फरक. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर ज्याचं बांधकाम सुरू केलं तो सिंधुदुर्ग किल्ला जेट्टीवरून स्वच्छ दिसतो, पण दुसऱ्यांनी खुर्चीसकट उचलल्याशिवाय या माणसाला तिथे पाय टेकता येत नाही. हे फोटो पाहणाऱ्याला दया येणार नाही, त्याला रॅम्पची जागा दिसेल.

याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळ तालुक्यात ‘स्वप्ननगरी’ आहे. वयाच्या सोळाव्या वर्षी कमरेखालची शक्ती गमावलेल्या आणि पुढे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन लिहिणाऱ्या नसीमा हुरजूक यांच्या कोल्हापूरच्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेने ती उभारली. तिथला काजूप्रक्रिया प्रकल्प दिव्यांगांना काम मिळावं म्हणून सुरू झाला. काजूचं काम बसून करायचं, बोटांच्या टोकावरचं. साल सोलायची आणि मग प्रतवारी: अख्खा गर वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. २४० नंबरचा काजू म्हणजे एका पौंडात साधारण २४० गर बसतील इतका मोठा, ३२० चा त्याहून लहान. सवयीचा हात हा फरक नुसत्या स्पर्शाने सांगतो. इथे फोटो काढायचा तर तो त्या बोटांचा काढावा, खुर्ची चौकटीबाहेर राहिली तरी काही बिघडत नाही.

बांदा ओलांडला की गोवा. तिथे पणजीत जानेवारी २०२३ मध्ये दिव्यांगांचा ‘पर्पल फेस्ट’ पहिल्यांदा भरला, तो पुढेही भरत राहिला. सिंधुदुर्गात सुरुवात याहून साधी होऊ शकते. चार-पाच जुने मोबाइल, एक शिकवणारा, शनिवार-रविवारच्या सकाळी आणि कोणता फोटो लावायचा, कोणता नाही, हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार ज्याचा चेहरा त्यात आहे त्याला. ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, हे फोटो मालवणच्या एसटी स्टँडच्या भिंतीवर लावता येतील. प्रत्येक फोटोखाली उठावदार प्रत आणि चार ओळी ब्रेलमध्ये. फोटो टांगायचे ते चाकाच्या खुर्चीत बसलेल्याच्या डोळ्यांसमोर येतील इतक्या उंचीवर, म्हणजे कणकवलीची गाडी लागेपर्यंत उभ्या असलेल्यांना ते जरा वाकून बघावे लागतील.