एकाच कातळावरच्या दोन तऱ्हा

पावसाळ्यात घाटातल्या पाझरत्या कातळावर तेरडा फुलतो. त्याच्या बुडाशी, खडकाला चिकटून, हिरव्या चामड्यासारख्या चपट्या पट्ट्या पसरलेल्या असतात. शेवाळ समजून आपण पुढे जातो. पण ते लिव्हरवर्ट असतं, शाळेच्या पुस्तकातल्या मर्केंशियाच्या गोतावळ्यातलं.

तेरड्याच्या खोडातल्या जलवाहिन्या मुळांनी शोषलेलं पाणी शेंड्यापर्यंत चढवतात आणि पाण्याची ओढ लागली की पानांवरची रंध्रं मिटतात. लिव्हरवर्टला मुळं नाहीत, तशा जलवाहिन्याही नाहीत. मर्केंशियाच्या पाठीवर भिंगातून ठिपके दिसतात, ती हवेची छिद्रं. पण पर्णरंध्रांसारखी उघडझाप त्यांना जमत नाही. म्हणूनच ही वनस्पती ओलावा धरून, जमिनीलगत राहते.

सर्वांत मोठा फरक पेशींच्या आत आहे. तेरड्याच्या खोडापानांत गुणसूत्रांचे दोन संच असतात. एकच संच असलेली पिढी परागकणाच्या दोन-तीन पेशींत आणि बीजांडातल्या चिमुकल्या भ्रूणकोशात आटोपते. लिव्हरवर्टचं नेमकं उलट: आपल्याला दिसणारी हिरवी पट्टीच एका संचाची. दोन संचांची पिढी म्हणजे बीजाणूंची इवलीशी कुपी. ती आईच्या अंगावर पोसली जाते आणि बीजाणू उधळून वाळून जाते.

तेरड्याचे पराग कीटक वाहतात, पुढचं काम परागनलिका करते. मर्केंशियात नर आणि मादी वेगवेगळे. दोन शेपट्यांच्या शुक्रपेशींना पाण्यातूनच पोहत जावं लागतं. जोडीदार जवळ नसला, तरी वंश थांबत नाही. पट्टीवरच्या वाट्यांमध्ये हिरव्या कळ्या तयार असतात. पावसाचा थेंब आदळला की त्या उडतात आणि पडतील तिथे रुजतात.

२०१७ साली मर्केंशियाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. वाढ घडवणाऱ्या ऑक्झिन या संप्रेरकाचा हुकूम अमलात आणणारी एका कुळातली २३ जनुकं अराबिडॉप्सिस या फुलझाडात आहेत. मर्केंशियात त्याच कुळातली अवघी तीन. यंत्रणा तीच, पण सुटसुटीत. त्यामुळे एखादं जनुक बंद करून त्याचं काम शोधणं इथे सोपं जातं.

आजचं लिव्हरवर्ट फुलझाडांचा पूर्वज नव्हे, चुलत भावंड आहे. दोघांचा मूळपुरुष एक आणि जमिनीवर काढलेला काळही सारखाच. त्याला ‘कनिष्ठ वनस्पती’ म्हणणं आता सोडायला हवं.