सुरतेत फोटो काढायचेत? कतारगामला जा

परवा उधन्यातल्या एका मित्राने विचारलं, "डुमसचा किनारा सोडून सुरतेत फोटो काढण्यासारखं काय आहे रे?" मी त्याला थेट कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रज कबरस्तानात नेलं.

१६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले, तेव्हा इथल्या इंग्रज वखारीचा प्रमुख होता जॉर्ज ऑक्झेंडन. १६६९ मध्ये तो वारला. त्याचा आणि भाऊ ख्रिस्तोफरचा दुमजली, घुमटदार मकबरा इथे उभा आहे. शाळेत वाचलेला इतिहास हाताला लागतो, म्हणून ही माझी सगळ्यात लाडकी जागा!

ऊन तिरकं असताना जा, सकाळी किंवा उतरत्या दुपारी. डोक्यावरच्या उन्हात नक्षी सपाट दिसते.

घुमट मावत नाही म्हणून फोन वर तिरका केला, की खांब मागे कलल्यासारखे येतात. फोन सरळ धरा, मागे सरका. कॅमेऱ्यातली ग्रिड चालू ठेवा.

कमानीतून बाहेरचं टिपताना स्क्रीनवर उजळ भागावर बोट टेकवा, ब्राइटनेस किंचित उतरवा. आकाश पांढरंफटक होत नाही, सावलीतली कमान गडद चौकटीसारखी उठून दिसते.

जवळच डच कबरस्तान आहे, तेही बघाच.

काही अडलं तर विचारा. फोनचं मॉडेल लिहिलंत, तर सेटिंग नेमकं सांगता येईल.