पाच रुपयांच्या नाण्यावरच्या मदर तेरेसा

तिकिटं, नाणी आणि माणसं : लेखांक सातवा

गेल्या लेखांकात आपण सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या १९७४ सालच्या २५ पैशांच्या तिकिटापर्यंत आलो होतो. ते तिकीट निघालं तेव्हा झेवियरांना संतपद मिळून साडेतीनशे वर्षं होऊन गेली होती. म्हणजे संत आधी, तिकीट नंतर. मदर तेरेसांच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. त्यांचं तिकीट १९८० सालचं, नाणं २०१० सालचं आणि रोमने त्यांना संत म्हणून जाहीर केलं ते ४ सप्टेंबर २०१६ रोजी. चर्चचा निर्णय होण्याच्या कितीतरी आधी भारत सरकारने त्यांना मान दिला होता आणि तो देताना सरकारपुढचे निकष चर्चपेक्षा वेगळे होते. आजच्या लेखात मला मुख्यत्वे त्याबद्दलच लिहायचं आहे.

तिकिटापासून सुरुवात करू. हयात व्यक्तीचं तिकीट काढायचं नाही, असा आपल्या टपाल खात्याचा सर्वसाधारण संकेत आहे. तो मोडला गेल्याची उदाहरणं मोजकी, आणि त्यांतलं पहिलं मराठी माणसाचं. १८ एप्रिल १९५८ रोजी महर्षी धोंडो केशव कर्वे शंभर वर्षांचे झाले, तेव्हा टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं आणि ते पाहायला कर्वे स्वतः हयात होते. १९६० मध्ये विश्वेश्वरय्यांना हाच मान मिळाला. मदर तेरेसा याच पंगतीतल्या. २७ ऑगस्ट १९८० रोजी, त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, ३० पैशांचं तिकीट निघालं. निमित्त होतं आदल्या वर्षी मिळालेल्या शांततेच्या नोबेल पुरस्काराचं. १९८० मध्येच त्यांना भारतरत्नही मिळालं. कर्वे, विश्वेश्वरय्या आणि मदर तेरेसा यांची क्षेत्रं एकमेकांपासून कोसभर दूर. पण तिघांनाही त्यांच्या हातून उभ्या राहिलेल्या कामासाठी मान मिळाला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

हे काम उभं कसं राहिलं? २६ ऑगस्ट १९१० रोजी स्कोप्ये शहरात एका अल्बेनियन कुटुंबात जन्मलेली आन्येझे गोंजा बोयाजिऊ ही मुलगी, म्हणजे पुढच्या मदर तेरेसा, अठराव्या वर्षी घर सोडून आयर्लंडच्या लोरेटो या जोगिणींच्या संघात दाखल झाली आणि १९२९ च्या जानेवारीत कोलकात्याला पोचली. पुढची सुमारे वीस वर्षं तिने शाळेत शिकवलं. मिशनरी म्हणून तिथेच आयुष्य काढलं असतं, तरी कुणी बोट ठेवलं नसतं. पण १९४६ च्या सप्टेंबरमध्ये दार्जिलिंगला जाताना आगगाडीत त्यांना वाटलं, की कॉन्व्हेंट सोडून गरिबांतल्या गरिबांमध्ये राहायचं. परवानगी यायला १९४८ साल उजाडलं. ७ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांच्या ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’ या संघाला रोमची मान्यता मिळाली. १९५२ मध्ये कालीघाटच्या मंदिराला लागून असलेली यात्रेकरूंची जुनी धर्मशाळा कोलकाता महापालिकेने त्यांना दिली आणि तिथे ‘निर्मल हृदय’ सुरू झालं. रस्त्यावर मरायला टेकलेल्या माणसाला तिथे आणायचं, धुवायचं, पुसायचं, दोन घास भरवायचे. माणूस जाणारच असला, तर हिंदूच्या तोंडात गंगाजल, मुसलमानासाठी कुराणाचं पठण आणि ख्रिश्चनाला त्याचे अखेरचे विधी, अशी रीत ठेवलेली होती.

नाण्यावर चित्र येण्याआधी पैशाशी त्यांचा व्यवहार कसा होता, हे पाहायला हवं. १९६४ च्या अखेरीस मुंबईत ओव्हल मैदानावर कॅथलिक चर्चची आंतरराष्ट्रीय युखारिस्ट परिषद भरली आणि तिच्यासाठी पोप सहावे पॉल भारतात आले. (२ डिसेंबरला, त्याच निमित्ताने, टपाल खात्याने सेंट थॉमसचं तिकीट काढलं.) परत जाताना पोपनी आपल्या वापरासाठी भेट मिळालेली पांढरी लिंकन मोटार मदर तेरेसांना देऊन टाकली. त्यांनी तिच्यात फेरफटकाही मारला नाही. सोडत काढून ती विकली आणि आलेली रक्कम आसनसोलजवळच्या शांतिनगर या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीसाठी लावली. नोबेलच्या वेळी ऑस्लोतली रिवाजाची मेजवानी त्यांनी रद्द करायला लावली आणि तिचा खर्च गरिबांसाठी मागून घेतला. लाखांच्या देणग्या त्यांच्या हातून गेल्या. अंगावर मात्र निळ्या काठाची पांढरी सुती साडीच राहिली. त्या साड्या कोलकात्याजवळच्या टिटागढला कुष्ठरुग्ण आणि बरे झालेले रुग्ण हातमागावर विणतात. आपल्या मुंबईत भायखळ्याला सांकली स्ट्रीटवर ‘आशादान’ हे मिशनरीज ऑफ चॅरिटीचं केंद्र आहे. तिथल्या सिस्टर याच साडीत दिसतात.

आता नाणं. २८ ऑगस्ट २०१० रोजी दिल्लीत राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते जन्मशताब्दीचं नाणं प्रकाशित झालं. दोन मूल्यांत ते काढलं होतं. १०० रुपयांचं नाणं संग्राहकांसाठी. त्यात निम्मी चांदी होती आणि ते टांकसाळीकडे आगाऊ नोंदणी करून विकत घ्यावं लागे. ५ रुपयांचं मात्र चलनात आलं : निकेल-पितळेचं, पिवळसर, २३ मिलिमीटर व्यासाचं, ६ ग्रॅम वजनाचं. भाजीवालीच्या गल्ल्यात, बस कंडक्टरच्या पिशवीत जाणारं नाणं. शाळा सोडून बाहेर पडताना मदर तेरेसांच्या हाती फक्त पाच रुपये होते, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं आणि म्हणून पाचाचं नाणं काढलं असंही बोललं गेलं. मला हा योगायोग वाटतो. त्या वर्षांत चलनातली बहुतेक स्मारक नाणी पाच रुपयांचीच निघत होती. तरी योग जुळला तो छानच जुळला.

इथे एक फरक ध्यानात घ्यावा. एक रुपयाची सोडून इतर नोटा रिझर्व्ह बँक काढते. नाणी काढण्याचा अधिकार केंद्र सरकारचा. त्यामुळे नाण्यावर कुणाचा चेहरा यावा, हा सरळसरळ सरकारचा निर्णय असतो. मग धर्मनिरपेक्ष राज्याने एका ख्रिस्ती मिशनरी बाईचा चेहरा आपल्या नाण्यावर का छापावा, असा प्रश्न कुणी विचारू शकेल. उत्तर आपल्या घरातच आहे. १९९९ मध्ये संत ज्ञानेश्वरांचं आणि २००२ मध्ये संत तुकारामांचं एक रुपयाचं नाणं याच सरकारने काढलं. २००९ मध्ये केरळच्या सेंट अल्फोन्सा पाच रुपयांवर आल्या. लोकांनी ज्यांना आपलं मानलं, त्यांना नाण्यावर जागा देताना आपण धर्म विचारला नाही. आणि २०१० च्या नाण्यावर मदर तेरेसांचा उल्लेख ‘मदर’ असाच आहे. २००३ मध्ये रोमने त्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) ठरवलं होतं. सरकारने तो किताब घेतला नाही. कोलकात्याच्या फुटपाथवर लोक ज्या नावाने हाक मारत, तेच नाव नाण्यावर उमटलं.

त्यांच्यावर टीकाही झाली आणि ती दडवून त्यांचा सन्मान वाढत नाही. १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात रॉबिन फॉक्स यांनी कालीघाटच्या केंद्रातलं निदान आणि वेदनाशामक औषधांचा अभाव यांवर बोट ठेवलं. पुढच्या वर्षी ख्रिस्तोफर हिचन्स यांचं जळजळीत पुस्तक आलं. हे प्रश्न रास्त होते; दु:ख सहन करण्याला मोल देणारी श्रद्धा आणि दु:ख कमी करणारं वैद्यक यांच्यातला तो ताण आहे. माझं मत असं, की निर्मल हृदयला रुग्णालयाच्या मापाने मोजलं तर ते उणं पडतं, हे मान्य करावं. पण ज्यांना कुठलंच रुग्णालय दारात घेत नव्हतं त्यांना तिथे खाट मिळाली, हेही तितकंच खरं आहे. नाणं त्या खाटेसाठी होतं.

इतर देशांनी त्यांना आपापल्या परीने आपलं म्हटलं. अमेरिकेने २०१० च्या सप्टेंबरमध्ये ४४ सेंटचं तिकीट काढलं, तेव्हा तिथल्या नास्तिकांच्या एका संघटनेने धार्मिक व्यक्तीच्या तिकिटाला हरकत घेतली. हा सन्मान मानवसेवेसाठी आहे, असं अमेरिकी टपाल खात्याने उत्तर दिलं. आपण त्याच्या तीस वर्षं आधी घेतलेली भूमिकाच ती. २००९ मध्ये अल्बेनियाने त्यांचे अवशेष मागितले. त्या भारतीय नागरिक होत्या आणि स्वतःच्या देशात विसावल्या आहेत, असं सांगून भारताने नकार दिला. व्हॅटिकनने २०२२ मध्ये, पंचविसाव्या स्मृतिवर्षी, त्यांचं दोन युरोचं स्मारक नाणं काढलं. चर्चचं नाणं भारताच्या नाण्यानंतर बारा वर्षांनी आलं!

२०१० चं पाचाचं नाणं अजूनही सुट्या पैशांत सापडू शकतं. मिळालं, तर टांकसाळीची खूण शोधा : मुंबईची खूण हिऱ्याच्या आकाराची, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका आणि कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. मुंबईची टांकसाळ फोर्टात रिझर्व्ह बँकेच्या समोरच आहे. पुढच्या आठवड्यात सेंट अल्फोन्सा यांच्या तिकिटाकडे आणि नाण्याकडे वळू.